कव्हरचे पैसे आले, मूळ गाण्याचे नाहीत

गाणे एक, रेकॉर्डिंग चार. शब्द एका कवयित्रीचे, चाल एका संगीतकाराची, आवाज तिसऱ्याच माणसाचा. २०१९ मध्ये एका छोट्या लेबलने, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीने, ते प्रसिद्ध केले आणि ते चालले. लेबलला दर तिमाहीला, गाणी स्ट्रीमिंग सेवांपर्यंत पोहोचवणाऱ्या वितरकाकडून हिशेब येत होता, संगीतकाराला त्याच्या कॉपीराइट सोसायटीकडून रॉयल्टी येत होती. कवयित्रीला मात्र काहीच नाही. २०२३ मध्ये तिच्या खात्यात पहिल्यांदा रक्कम जमा झाली, तेव्हा विवरणपत्रात भलतेच नाव निघाले. दुसऱ्या एका गायिकेने दुसऱ्या लेबलसाठी तेच गाणे नव्याने गाऊन केलेल्या रेकॉर्डिंगचे, म्हणजे कव्हरचे, ते पैसे होते. त्या कव्हरला श्रोते जेमतेम. ज्या रेकॉर्डिंगमुळे गाणे लोकांपर्यंत गेले त्याचे शून्य, आणि ज्याची कुणी दखलही घेतली नाही त्याचे पैसे बिनचूक.

हे प्रकरण एका कुणाचे नाही. अशा तक्रारींमध्ये हटकून सापडणाऱ्या चुका एकाच गाण्यावर बसवून ते रचले आहे, म्हणून पात्रांना नावे दिलेली नाहीत. रेकॉर्डिंगच्या कोडांसाठी ‘एए’ हे कुठल्याही देशाला न दिलेले अक्षरयुग्म वापरले आहे. नियम, संस्था आणि सनावळी मात्र खरी.

काय काय नोंदलेले होते

कवयित्रीच्या तक्रारीनंतर लेबलने पहिले उत्तर पाठवले त्यात बारा आकड्यांचा एक कोड होता आणि ‘हा आमच्या गाण्याचा कोड, यावरून शोधा’ असे लिहिले होते. तो कोड गाण्याचा नव्हताच. तो युपीसी होता, म्हणजे सिंगल किंवा अल्बम हा विक्रीचा माल म्हणून ओळखायचा बारकोडचा आकडा. गोंधळ व्हायला कारणही आहे. रेकॉर्डिंगचा कोड बारा वर्णांचा असतो आणि युपीसीही बारा आकड्यांचा. फरक इतकाच की युपीसीमध्ये सगळे आकडे असतात आणि रेकॉर्डिंगचा कोड अक्षरांनी सुरू होतो. युपीसीवरून गाण्याच्या रॉयल्टीचा माग काढणे अशक्य नाही, पण एका युपीसीखाली दहा गाणी असू शकतात. त्यामुळे तो बाजूला ठेवला आणि खरे दोन कोड मागवले.

पहिला आयएसआरसी. हा रेकॉर्डिंगचा कोड. आयएसओ ३९०१ हे त्याचे मानक, पहिली आवृत्ती १९८६ ची, आणि जगभरची नोंदणी आयएफपीआय ही ध्वनिमुद्रण कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना सांभाळते. मूळ स्टुडिओ रेकॉर्डिंगचा कोड होता एए-६क्यू७-१९-०००१२. पहिले पाच वर्ण हा कोड देणाऱ्याला मिळालेला उपसर्ग, पुढचे दोन आकडे वर्षाचे, शेवटचे पाच त्या वर्षातला अनुक्रमांक. मधल्या रेषा फक्त वाचायला सोप्या जाव्यात म्हणून असतात, संगणकाच्या नोंदीत त्या नसतात.

दुसरा आयएसडब्ल्यूसी. हा रचनेचा कोड, म्हणजे शब्द आणि चाल मिळून जे बनते त्याचा, मग ते कुणीही गावो. मानक आयएसओ १५७०७, पहिल्यांदा २००१ मध्ये प्रसिद्ध झालेले. याची नोंदणी लेखक-संगीतकारांच्या सोसायट्यांचा महासंघ असलेली सीआयसॅक पाहते. सुरुवातीला ‘टी’, मग नऊ आकडे, शेवटी एक तपासणी आकडा. मानक छापून येण्याआधीच, १९९५ मध्ये, पहिला कोड दिला गेला होता, तो ‘अॅबा’ या स्वीडिश गटाच्या ‘डान्सिंग क्वीन’ला: टी-०००.०००.००१-०.

दोन कोड, दोन संस्था, दोन वेगळ्या हक्कांची दुनिया. रेकॉर्डिंगच्या हक्काचे पैसे लेबल, गायक आणि वादकांकडे जातात. रचनेच्या हक्काचे कवी, संगीतकार आणि त्यांच्या प्रकाशकाकडे. एखादे गाणे एकदा वाजले की दोन्हीकडे पैसे निघायला हवेत. पण ‘हे रेकॉर्डिंग त्या रचनेचे आहे’ हे सांगणारी जोडणी या दोन्हींपैकी कुठल्याच कोडात नसते. आयएसआरसीसोबत कलाकार, शीर्षक, आवृत्ती, कालावधी अशी माहिती ठेवतात. त्यात कवीचे नाव असेलच असे नाही. आयएसडब्ल्यूसीसोबत रचनाकार असतात. ते गाणे कुणी कुणी गायले हे त्याला ठाऊक असण्याची गरज नसते. जोडणी ज्याने त्याने आपापल्या तक्त्यात करायची. कवयित्रीचे पैसे नेमके या ठिकाणी अडकले होते, आणि एकदा नव्हे, तीन वेगवेगळ्या कारणांनी.

एका रचनेचे दोन कोड

संगीतकार जुना सभासद. गाणे तयार होताच त्याने आपल्या सोसायटीत नोंदवले. कवयित्री तेव्हा कुठल्याच सोसायटीची सभासद नव्हती, त्यामुळे तिच्याकडे आयपीआय क्रमांक नव्हता. आयपीआय म्हणजे रचनाकार आणि प्रकाशक यांना ओळखण्याचा क्रमांक. पूर्वी याला सीएई म्हणत, २००१ मध्ये त्याची जागा आयपीआयने घेतली. सोसायट्या माणसाला नावाने कमी आणि या क्रमांकाने जास्त ओळखतात, कारण एकाच नावाची पन्नास माणसे निघतात. अर्जात कवयित्रीचा क्रमांक टाकता येईना, म्हणून संगीतकाराने ‘नंतर भरू’ म्हणत फक्त स्वतःचे नाव भरले. हिस्सा शंभर टक्के. सोसायटीने ते मान्य केले आणि रचनेला आयएसडब्ल्यूसी मिळाला.

‘नंतर’ कधी आलेच नाही. यात लबाडी शोधायचे कारण नाही. अर्ज भरून झाला की माणूस पुढच्या कामाला लागतो, आणि पैसे येत राहिले की नोंद बरोबरच असणार असे धरून चालतो.

२०२१ मध्ये कवयित्री दुसऱ्या एका सोसायटीची सभासद झाली. तिने तेच गाणे नोंदवले, या वेळी दोन्ही नावांनी आणि निम्म्या-निम्म्या हिश्श्याने. आता प्रश्न असा की ‘ही रचना आधीच नोंदलेली आहे’ हे यंत्रणेला कळायला नको होते का? यंत्रणा तुलना करते ती शीर्षक आणि रचनाकार यांची. रचनाकारांची यादी वेगळी होती, एका ठिकाणी एक नाव आणि दुसऱ्या ठिकाणी दोन. शीर्षकही तंतोतंत जुळत नव्हते, कारण ते रोमन लिपीत भरावे लागले होते. संगीतकाराने दीर्घ ‘आ’साठी एक ‘ए’ लिहिला होता, कवयित्रीने दोन. ज्या भाषांची लिपी रोमन नाही त्यांच्या गाण्यांना हे दुखणे कायमचे आहे. एकच शीर्षक चार माणसे चार तऱ्हांनी लिहितात. यंत्रणेच्या लेखी ही नवी रचना ठरली आणि तिला दुसरा आयएसडब्ल्यूसी मिळाला.

म्हणजे २०२१ पासून एकाच गाण्याच्या दोन नोंदी. पहिलीत संगीतकार एकटा मालक, दुसरीत दोघे. मूळ रेकॉर्डिंग २०१९ मध्येच पहिल्या नोंदीला जोडलेले होते, कारण तेव्हा दुसरी नव्हतीच. २०२२ मध्ये कव्हर करणाऱ्या लेबलने मात्र शोध घेतला, मूळ गाण्याच्या श्रेयनामावलीशी नावे ताडून पाहिली, दोन्ही नावे असलेली नोंद निवडली आणि आपला आयएसआरसी तिला जोडला. कव्हरचे पैसे निम्मे-निम्मे वाटले गेले, मूळचे सगळे संगीतकाराकडे गेले. सुरुवातीचे कोडे इथे सुटले.

नियम इथे सरळ आहे. कव्हरला नवा आयएसडब्ल्यूसी लागत नाही, कारण रचना तीच. नवा आयएसआरसी लागतो, कारण रेकॉर्डिंग वेगळे. कवयित्रीने नंतर याच गाण्याचा दुसऱ्या भाषेत अनुवाद करून दिला असता तर त्याला स्वतंत्र आयएसडब्ल्यूसी मिळाला असता, मूळ रचनेवर आधारित अशा उल्लेखासह.

कोड शोधताना एक छोटा अडथळा आला तो सांगण्यासारखा आहे. कवयित्रीने पत्रात दिलेला आयएसडब्ल्यूसी कुठेच सापडेना. कारण तिने तो हाताने उतरवताना शेजारचे दोन आकडे उलटे लिहिले होते. हे शोध घेण्याआधीच कळू शकले असते, कारण शेवटचा तपासणी आकडा त्यासाठीच असतो. नमुना म्हणून सगळीकडे दिला जाणारा कोड घ्या: टी-०३४.५२४.६८०-१. नऊ आकड्यांना डावीकडून अनुक्रमे १ ते ९ ने गुणायचे: ०, ६, १२, २०, १०, २४, ४२, ६४, ०. बेरीज १७८. त्यात १ मिळवला की १७९. पुढच्या पूर्ण दहाला, म्हणजे १८० ला, १ कमी पडतो. तोच शेवटचा आकडा. आता ५ आणि २ ची अदलाबदल करून ०३४.२५४.६८० लिहा. १ धरून बेरीज १८२ होते, तपासणी आकडा ८ यायला हवा, पण कोडात १ आहे. चूक पकडली गेली. या नऊपैकी शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल ही पद्धत नेहमी पकडते, कारण बेरीज त्या दोन आकड्यांतल्या फरकाइतकीच सरकते आणि तो फरक कधी दहा होऊ शकत नाही. एकाच आकड्याची चूक मात्र कधी कधी निसटते. पाचव्या जागेला ५ ने गुणतात. तिथल्या २ च्या जागी ४ पडला तर बेरीज बरोबर दहाने वाढते आणि तपासणी आकडा तसाच राहतो. टी-०३४.५४४.६८०-१ हा कोड गणिताच्या कसोटीला उतरतो, पण तो दुसराच कोड आहे.

आयएसआरसीला असा तपासणी आकडा मुळीच नाही. शेवटच्या सात जागांवर फक्त आकडे चालतात, त्यामुळे तिथे शून्याऐवजी ‘ओ’ पडला तर निदान शंका तरी येते. ००१२ चे ००२१ झाले तर कुणालाच कळत नाही, आणि पैसे शांतपणे दुसऱ्या रेकॉर्डिंगच्या खात्यात जातात.

वितरक बदलला आणि कोडही बदलला

दुसरी गाठ संगीतकाराच्याही लक्षात आली नव्हती. २०२१ नंतर त्याची रॉयल्टी घसरली. त्याने मनाशी म्हटले, गाणे जुने झाले. लेबलच्या हिशेबात मात्र स्ट्रीमिंगचे आकडे वाढतच होते. एकाच गाण्याचे एका बाजूचे पैसे वाढतात आणि दुसऱ्या बाजूचे घटतात, तेव्हा श्रोते कमी झाले असे नसते. जोडणी तुटलेली असते. तक्रारींच्या कागदांत मी सर्वात आधी हीच विसंगती पाहतो.

२०२१ मध्ये लेबलने वितरक बदलला होता. नव्या वितरकाच्या अर्जात आयएसआरसीचा रकाना होता, खाली ओळ होती: ‘कोड नसल्यास आम्ही देऊ.’ लेबलच्या कर्मचाऱ्याने रकाना रिकामा ठेवला. विचारल्यावर त्याने जे कारण दिले ते फार ठिकाणी ऐकू येते: जुन्या कोडातला उपसर्ग जुन्या वितरकाचा, मग तो कोड आपण कसा वापरायचा?

वापरायचाच असतो. उपसर्ग फक्त कोड कुणी दिला हे सांगतो, रेकॉर्डिंग आज कुणाचे आहे हे नाही. मालक बदलला, लेबल विकले गेले, वितरक दहा वेळा बदलला, तरी रेकॉर्डिंगचा आयएसआरसी जन्मभर तोच. देशाबद्दलचा समजही असाच फसवा आहे. पहिली दोन अक्षरे पाहून गाणे कुठले ते ओळखू असे लोक समजतात. पण अमेरिकेत ‘यूएस’ने सुरू होणारे उपसर्ग अपुरे पडू लागल्यावर ‘क्यूएम’ आणि ‘क्यूझेड’ वापरात आले, आणि २०१९ च्या सुधारित मानकात पहिले पाच वर्ण हा एकसंध उपसर्गच मानला जातो.

रकाना रिकामा राहिला आणि त्याच रेकॉर्डिंगला दुसरा कोड मिळाला: एए-९झेड३-२१-००४५१. स्ट्रीमिंग सेवांना हे नवे रेकॉर्डिंग वाटले. जुने काढून टाकलेले, नवे चढवलेले. सेवा जो वापर-अहवाल सोसायट्यांना पाठवतात त्यात प्रत्येक ओळीत साधारणपणे आयएसआरसी, शीर्षक, कलाकार आणि किती वेळा ऐकले तो आकडा असतो. आयएसडब्ल्यूसी बहुधा नसतो, असला तरी त्यावर विसंबणे अवघड. सोसायटी आपल्या तक्त्यात तो आयएसआरसी शोधते, त्याला जोडलेली रचना सापडली की पैसे वाटते. नवा कोड कुठल्याच रचनेला जोडलेला नव्हता. मग शीर्षक आणि कलाकाराच्या नावावरून अंदाजे जुळणी करायचा प्रयत्न झाला असणार, आणि रोमन शीर्षकाच्या वेगवेगळ्या लिखाणात तोही फसला. ज्या ओळींवर मोठी रक्कम असते त्या माणसे हाताने तपासतात. मध्यम गाण्यांच्या ओळी न जुळलेल्या ढिगात पडून राहतात.

हा ढीग किती मोठा असू शकतो याचा एक नोंदलेला आकडा आहे. अमेरिकेत २०१८ च्या म्युझिक मॉडर्नायझेशन कायद्याने ‘द मेकॅनिकल लायसन्सिंग कलेक्टिव्ह’ ही संस्था उभी राहिली. तिचे काम जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाले आणि फेब्रुवारीत स्ट्रीमिंग सेवांनी तोवर न जुळल्यामुळे साठून राहिलेली सुमारे ४२ कोटी ४० लाख डॉलरची रॉयल्टी तिच्याकडे सोपवली. एका देशातली, एका प्रकारच्या हक्काची ही रक्कम. जगभरच्या रचनांचा एकच सामायिक तक्ता करायचा एक मोठा प्रयत्न याआधी झाला होता, ग्लोबल रेपर्टॉयर डेटाबेस नावाचा. तो २०१४ मध्ये मोडला. सोसायट्यांना एकत्र बसवणे हे कोड तयार करण्यापेक्षा कितीतरी कठीण काम आहे.

लेबलच्या मालकाचा एक आक्षेप इथे नोंदवायला हवा, कारण तो प्रामाणिक होता: ‘आम्ही कोड फाइलच्या आतच घातला होता.’ घातला होता हे खरे. सीडीच्या क्यू उपवाहिनीत आयएसआरसी लिहिता येतो, ब्रॉडकास्ट वेव्ह फाइलमध्ये त्याची सोय आहे, एमपी३ च्या आयडी३ टॅगमध्ये त्याचा स्वतंत्र रकाना आहे. पण फाइल एका स्वरूपातून दुसऱ्यात नेताना तो सहज गळतो, आणि वितरक बहुधा फाइलमधला नाही, अर्जातला कोड पुढे पाठवतो. शिवाय फाइलमध्ये कोड असणे आणि तो कुठल्या तरी तक्त्यात रचनेला जोडलेला असणे या निराळ्या गोष्टी.

दोन रेकॉर्डिंगना एक कोड

तिसरी चूक उलट्या जातीची, आणि तिचा फटका कवयित्रीला कमी, वादकांना जास्त बसला. २०२१ मध्येच गायकाने फक्त गिटारवर अकूस्टिक आवृत्ती केली. लेबलने ती ‘त्याच गाण्याची’ म्हणून मूळचाच आयएसआरसी लावून प्रसिद्ध केली.

नव्याने गायलेले, नव्याने वाजवलेले ते वेगळे रेकॉर्डिंग. त्याला वेगळा कोड लागतोच. रिमिक्सला लागतो, आक्षेपार्ह शब्द काढून केलेल्या आवृत्तीला लागतो, केवळ वाद्यसंगीत ठेवलेल्या आवृत्तीला लागतो, संगीत व्हिडिओलाही स्वतंत्र लागतो. त्याउलट तीच फाइल दुसऱ्या संकलनात घेतली किंवा वेव्हची एमपी३ केली तर कोड बदलायचा नाही. रिमास्टरिंगबाबत, म्हणजे तयार रेकॉर्डिंगचा ध्वनी पुन्हा सुधारण्याबाबत, वाद होतो; साधी पातळी वरखाली केली तर जुना कोड चालतो, नव्याने सर्जनशील काम झाले असेल तर नवा घ्यावा. ही सीमा कुठे आखायची हे शेवटी कानाने ठरते आणि दोन तज्ज्ञ दोन उत्तरे देतात.

एकच कोड असल्याने दोन्ही आवृत्त्यांचे ऐकणे एका ओळीत जमा झाले. वादकांचे पैसे रेकॉर्डिंगशी जोडलेल्या नामावलीवरून वाटले जातात, आणि त्या आयएसआरसीखाली मूळ रेकॉर्डिंगचे वादक नोंदलेले होते. परिणामी अकूस्टिक आवृत्तीत ज्याने वाजवलेच नव्हते त्या तबलजीला तिचा वाटा मिळाला आणि जो एकटा गिटारवाला वाजवत होता त्याला काही नाही. त्याने तक्रारही केली नव्हती, कारण असे काही मिळायचे असते हेच त्याला माहीत नव्हते. कवयित्रीच्या हिशेबाच्या मागे लागलो नसतो तर हे उघडही झाले नसते.

चौथे रेकॉर्डिंग, २०२० चा शब्दांविना ट्रॅक, बरोबर नोंदलेला निघाला. त्याला स्वतःचा आयएसआरसी होता.

दुरुस्ती

सर्वात आधी संगीतकार आणि कवयित्री यांनी हिस्सा लेखी ठरवला. हे आधी करावे लागते, कारण आयएसडब्ल्यूसीमध्ये टक्केवारी नसतेच. तो रचना कोणती आणि रचनाकार कोण एवढेच सांगतो. कुणाला किती हे प्रत्येक सोसायटीच्या आपल्या नोंदीत असते. दोन नोंदी एक केल्या आणि हिस्सा तसाच शंभर-शून्य राहिला, तर कागद सुबक दिसतात आणि पैसे पूर्वीसारखेच चुकीच्या जागी जातात.

संगीतकाराने आपल्या सोसायटीला दुरुस्तीपत्र दिले, कवयित्रीचा आयपीआय क्रमांक जोडला. त्याची स्वतःची दोन नावे होती, एक खरे आणि एक टोपणनाव, आणि काही कागदांवर एक तर काहींवर दुसरे. इथे मात्र व्यवस्था शहाणी निघाली: प्रत्येक नावाला वेगळा आयपीआय नाम-क्रमांक असला तरी ते एकाच मूळ क्रमांकाला बांधलेले असतात, त्यामुळे अडले नाही. दोन्ही सोसायट्यांनी मिळून दोन आयएसडब्ल्यूसी विलीन करायचा अर्ज केला. विलीनीकरणात एक कोड ग्राह्य धरला जातो आणि दुसरा पुसला न जाता त्याच्याकडे बोट दाखवत राहतो, कारण तो आधीच कित्येक तक्त्यांमध्ये जाऊन बसलेला असतो. पर्यायी शीर्षकांच्या रकान्यात रोमनमधली दोन्ही लिखाणे घातली.

आयएसआरसीच्या बाजूला काम सोपे दिसत होते, झाले मात्र किचकट. मूळ रेकॉर्डिंग नव्या वितरकामार्फत पुन्हा पाठवायचे, या वेळी २०१९ च्या पहिल्या कोडासह. वितरकाने आधी नकार दिला, त्यांची प्रणाली आपला कोड बदलू देत नव्हती. जुनी नोंद मागे घेऊन नवी चढवावी लागली आणि मधल्या काळात ज्यांच्या प्लेलिस्टमध्ये गाणे होते त्यांच्याकडून ते गायब झाले. लेबल त्यावर चिडले, आणि त्यांचे चिडणे रास्त होते; श्रोत्यांची सवय तुटली की परत येतेच असे नाही.

२०२१ चा चुकीचा दुसरा कोड रद्द करून विसरता येत नाही. एकदा दिलेला आयएसआरसी दुसऱ्या कशालाही पुन्हा द्यायचा नसतो, आणि तीन वर्षांच्या वापर-अहवालांमध्ये तोच छापला गेला आहे. म्हणून तो वापरातून काढला, पण सोसायट्यांच्या तक्त्यांत दोन्ही आयएसआरसी त्याच रचनेला जोडून घेतले. मागच्या न जुळलेल्या ओळी शोधायला तोच उपयोगी पडला.

अकूस्टिक आवृत्तीला नवा कोड दिला: एए-९झेड३-२४-०००३१. लेबलने विचारले, रेकॉर्डिंग २०२१ चे, मग २४ का? ते दोन आकडे कोड कधी दिला याचे, रेकॉर्डिंग केव्हा झाले किंवा प्रसिद्ध केव्हा झाले याचे नाहीत. जुनी, १९८६ च्या आधीची रेकॉर्डिंगही अशीच नंतरच्या वर्षांचे आकडे मिरवतात. आकडे मागे सारून ‘दुरुस्त’ करायला जाऊ नये, असे त्यांना सांगावे लागले. नव्या कोडाखाली एकच वादक नोंदवला, गिटारवाला.

मागचे पैसे तीन वाटांनी गेले. न जुळलेल्या ढिगातले, ज्या सोसायट्यांनी ते अजून राखून ठेवले होते, ते जोडणी होताच दोघांत वाटले गेले. ज्या संस्थांची मुदत संपली होती तिथले परत मिळाले नाहीत. ठरावीक काळानंतर अशी रक्कम बाकीच्या हक्कधारकांत वाटून टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. संगीतकाराला आधी गेलेला कवयित्रीचा हिस्सा सोसायटीने त्याच्या पुढच्या रॉयल्टीतून वळता करायची तयारी दाखवली, पण नियमाने ठरलेल्या काळापुरताच. त्याआधीचा हिस्सा त्याने हिशेब काढून तिला थेट दिला.

एक गोष्ट तशीच राहिली. काही सेवांवर अजून २०२१ च्या कोडाची जुनी नोंद शोधात वर येते, कारण तिच्यावर ऐकण्याचे आकडे जास्त साठलेले आहेत. लेबलने ती काढायची विनंती केली आहे. तोवर तिच्यावरचे ऐकणे दुसऱ्या आयएसआरसीखाली अहवालात येत राहील, आणि तो आता रचनेला जोडलेला असल्याने पैसे दोघांना मिळत राहतील.